परत येणारी बाई

४ डिसें.
देशमुख सरांनी नाटकाचा शेवट बदलला. ज्या कादंबरीवरून नाटक केलं तिच्यात बाई नवरा-पोरीला सोडून जाते ती जातेच. आमच्या नाटकातली, म्हणजे मी, परत येणार, दारात उभी राहून "चुकलं माझं" म्हणणार. मी म्हटलं, काहून? सर म्हणाले, "मॅडम, पुस्तक एकटा माणूस वाचते. नाटक अख्खं पांढुर्णं गाव बसून पाहते, सासवा-सुना संगच." पटलं. घरी जायला सौंसरच्या बसमध्ये बसल्यावर पटेना.

९ डिसें.
ते "चुकलं माझं" तोंडातून निघतच नाही. सरांना वाटते, पाठ नाही केलं. काय सांगू? मी आठ वर्षांची होती तेव्हा आई मोहगावला मामाकडे गेली ती तिथंच राहिली. "मागं वळून नाही पाहिलं तिनं," बाबा वारेपर्यंत हेच म्हणत होते. आताशा आई सणावारी भेटते. बोलणं तब्येतीचं, भाजीपाल्याचं, एवढंच. हा विषय कधीच नाही.
जी परत आली नाही तिची मुलगी मी, अन् परत येणारीचं काम करून राहिली.

१४ डिसें.
मोहगावला गेली. नाटकाचं निमित्त. आई तुरीच्या शेंगा सोलत होती. "घर सोडताना त्या बाईला काय वाटलं असन गं?"
आईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग, "तुहं स्वेटर ओलं होतं. थंडी लय. म्हणून तुले नेलं नाही."
"स्वेटर?"
"दोन दिवसांनी न्याले आली नं. तुही आजी म्हणे, पोरगी झोपली. तीनदा आली."
"मग तू काय म्हणालीस?"
"काय म्हणू? स्टँडवर जाऊन बसली."
खरं कोणाचं? बाबांना आता विचारता येत नाही. बसमध्ये तिकीट काढायचं विसरली.

२० डिसें.
प्रयोग झाला. शेवटी दारात उभी राहिली. वाक्य आठवत होतं, म्हटलं नाही. नवरा झालेले पाटील भाऊ घाबरले, आपल्याच मनानं म्हणाले, "कोण आहे?" मी उंबऱ्याबाहेरच उभी. पडदा. टाळ्या पडल्या, अर्ध्या लोकांच्या. सर सामान आवरायला लागले.
आई आली होती. बाहेर म्हणाली, "थे बाई घरात गेली का नाही मंग?"
"माहीत नाही."
"तुले माहीत नाही तं कोणाले?" अन् मामाच्या गाडीत जाऊन बसली. रागात होती की काय, चेहऱ्यावरून कळलं नाही.

२१ डिसें.
बोरगावला आत्याला फोन केला. बाबांची बहीण, तेव्हा घरातच होती. सरळ विचारलं, आई मला न्यायला आली होती का?
"कोणं सांगतलं तुले?"
"आली होती का, एवढंच सांग."
"दूध उतू जाऊन राहिलं बाई," म्हणाली अन् फोन ठेवला.
परत लावला. उचलत नाही.
सरांचा निरोप: रविवारी सौंसरला दुसरा प्रयोग. वाक्य म्हणणार का नाही ते आजच कळवा.

२२ डिसें.
कळवलं नाही. आत्या फोन उचलत नाही तोवर मलाच माहीत नाही, कोणी कोणाला चुकलं म्हणायचं.