दूध गोड आहे

जळोची,
९ फेब्रुवारी

ती. आईस,

विनयाचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तुझा गुडघा आणि आबांची दाढ आता कशी आहे ते कळव.

फोन न करता लिहायला का बसले, असं तुझ्या मनात येईल. फोनवर मला खोकला आला की तू रडायला लागायचीस, आणि माझं बोलायचं राहून जायचं. म्हणून हे पत्र. अर्ध्यात ठेवू नकोस.

आधी बाळाचं सांगते. मुलगी आहे हे तुला कळलंच असेल. नाव श्रिया ठरवलंय. तीन महिन्यांची झाली, रंग आबांचा घेतलाय आणि हट्ट माझा. तिच्या घामातल्या मिठाची तपासणी पुण्यात करून घेतली. तिला माझा आजार नाही. हे वाक्य पुन्हा वाच.

लग्नाच्या वेळी तू मला बजावलं होतंस, "सर्दीचा कोठा हाय, येवढंच सांग." मी ते ऐकलं नाही. ऋषिराजला आजाराचं नाव सांगितलं, तो आईबाप दोघांच्या रक्तातून येतो ते सांगितलं, रोजची वाफ, छातीत साठणारा चिकट कफ, प्रत्येक जेवणाबरोबरच्या कॅप्सूल, सगळं सांगितलं. तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "माझंबी रक्त तपासूया." त्याच्या रक्तात तो दोष निघाला नाही, तेव्हाच आम्ही मुलाचा विचार केला. तू सगळ्यांसमोर म्हणालीस तसा अविचार आमच्यात कुणी केला नव्हता.

दिवस सोपे गेले नाहीत. सातव्या महिन्यात साखर वाढली, इन्सुलिन सुरू झालं. वजन वाढेना. जयवंताआत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, तुपाचा डबा घेऊन माझ्या मागे फिरायच्या. शेजारच्यांनी ऊस गेल्यावर पाचट पेटवायला घेतलं, तर आत्या बांधावर जाऊन उभ्या राहिल्या. "माझी सून दोन जिवांची हाय, तिला धूर चालत न्हाय," एवढंच बोलल्या आणि तिथून हलल्या नाहीत. यंदा आमच्या बाजूला पाचट कुजवलं, जाळलं नाही.

दिवस भरायच्या आधीच कळा आणाव्या लागल्या. ऑपरेशनची तयारी होती, पण लागलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जोर चांगला आहे तुझा. मी म्हटलं, जन्मभर खोकून पोट कमावलंय. त्याही हसल्या, आणि त्या हसण्यातच श्रिया आली.

मग दुधावरून घरात वाद झाला. आत्यांनी पावडरीचा डबा आणून ठेवला. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की माझा घाम खारट, तर दूधही खारट असणार, लेकराला बाधेल. कुणी भरवलं ते मी विचारलं नाही. आपल्या शेळगावहून फोन आला होता एवढं कळलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की दुधात खोट नाही, औषधं तेवढी जपून निवडू. तरी आत्यांच्या कपाळावरची आठी सुटेना. शेवटी मी वाटीत थोडं काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. जन्म गोठ्यात गेलेली बाई ती. बोट बुडवून जिभेला लावलं.

"गोड हाय," म्हणाल्या. त्यांनी डबा उचलून माळ्यावर ठेवला आणि माझ्या पाठीमागे उशी लावून दिली.

तू का घाबरतेस ते मला ठाऊक आहे. माझ्या आधी झालेला माझा भाऊ, आनंद. त्याचा मुका घेतला की ओठ खारट व्हायचे, असं तू आयुष्यात एकदाच बोललीस. तो कशानं गेला ते तेव्हा कुणालाच कळलं नाही. मलाही आधी टीबीचीच औषधं दिली होती. तुला ते पुन्हा बघायचं नाही, हे मला कळतं.

वर सगळे बरे आहोत असं लिहिलंय. ते खरं नाही.

श्रिया महिन्याची असताना मला न्यूमोनिया झाला. पुण्यात तीन आठवडे होते, त्यातले काही दिवस अतिदक्षता विभागात. आत्यांना माळ्यावरचा डबा खाली काढावा लागला. मी यंत्रानं दूध काढत राहिले, नाहीतर ते आटलं असतं. आईला बोलवून घ्या, असं डॉक्टर ऋषिराजला म्हणाले. मी त्याला शपथ घालून अडवलं. तरी आबांना कुठून कळलं कोण जाणे. कारखान्यावर जातो असं तुला सांगून ते दवाखान्यात आले, दारातच टोपी हातात घेऊन उभे राहिले, आणि तसेच परतले. त्यांच्यावर रागावू नकोस.

घरी आल्यावर श्रिया पुन्हा अंगावर प्यायला लागली. पण माझी फुफ्फुसं पहिल्यासारखी झाली नाहीत. जी ताकद गेली ती परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. माझं वजन उतरलं तर पाजणं थांबवीन, हे मी त्यांना कबूल केलंय. अजून उतरलेलं नाही.

तुला बोलावलं नाही, कारण पाचव्या महिन्यात तू विचारलेला प्रश्न मी विसरले नव्हते. "लेकरू आई म्हणाया शिकंल, तवर तू ऱ्हाशील का?" त्यावर तू मूल पाडायला सांगितलंस, आणि मी उठून निघून आले.

उत्तर आज देते. मला माहीत नाही, आई. डॉक्टरांनाही माहीत नाही. पण मी वयात येण्याआधीच जाईन, असं एका डॉक्टरनं तुला सांगितलं होतं ना? तेव्हा तू काय केलंस? सकाळ-संध्याकाळ मला मांडीवर पालथी घालून पाठीवर थापा मारल्यास, हात भरून येईपर्यंत, सगळा कफ सुटेपर्यंत. जेवढी मिळेल तेवढी मुलगी तुला हवी होती. मग मला माझी का नको? आणि तिला मी जेवढी मिळेन तेवढी का नको? ह्याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर समोर येऊन दे.

हल्ली ऋषिराज थापतो. त्याचा हात हलका पडतो. मोडेन म्हणून भितो. त्याला शिकवायला तू हवीस. आणि श्रियाला तुझा आवाज ओळखीचा व्हायला हवा, तो आत्ताच. का, ते तुला कळतंय. मी ते लिहिणार नाही.

रविवारी बारसं आहे. सकाळच्या एसटीनं ये. बाळंतविडा नाही आणलास तरी चालेल, पण दारात रडायचं नाही.

आली नाहीस तर सोमवारी मीच तिला घेऊन शेळगावला येते. दार लावून घेतलंस तर ओट्यावर बसेन आणि तिथंच तिला पाजीन. सगळ्या गावानं येता-जाता बघू दे.

येणारच असलेली,
तुझी विनया