आईच्या वाटेवरचा लोहचुंबक

३ फेब्रुवारी
आई पडली. सकाळी, बाथरूमकडे जाताना, सपाट फरशीवर! मनगट मोडलं. पाण्याचा थेंब नव्हता, पाय कशात अडकला नव्हता. "जमीन कळलीच नाही गं पायाला" — एवढंच म्हणते.

५ फेब्रुवारी
डॉक्टरांनी समजावलं. इतक्या वर्षांच्या मधुमेहाने तळवे बधिर झालेत, पाऊल कसं पडतंय ते तिला उमगत नाही. आणि हाडं तपासणीत ठीक दिसली तरी आतून ठिसूळ असू शकतात. पुढच्या वेळी खुबा मोडेल का, असं मीच विचारलं. ते म्हणाले, पडू देऊ नका.
पडू देऊ नका! कसं?
माझीही साखर सहा वर्षं गोळीवर आहे, हे सांगायचं राहिलं. आज प्रश्न आईचा होता.

६ फेब्रुवारी
सगळी पायपुसणी माळ्यावर. शिलाई मशीनची वायर भिंतीला चिकटवली. आईला घरात घालायला बूट आणले. ती उठली की मीही उठते.

९ फेब्रुवारी
गिऱ्हाइकांचे कपडे अडकलेत. आई बसून सांगते, मी टाचण्या लावते. दुमड वाकडी गेली की सुस्कारा! काम संपलं की काठीला बांधलेला लोहचुंबक फरशीवरून फिरवून सांडलेल्या टाचण्या उचलायच्या, हा तिचा चाळीस वर्षांचा नियम. आता ते काम माझ्याकडे. पलंग ते बाथरूम, बाथरूम ते खुर्ची — तिची वाट मी दोनदा झाडून काढते. बाकीचं राहतं.
मी मागे मागे चालते म्हणून चिडली. "मी काय पळून चाललेय?"

१२ फेब्रुवारी
चहा नेताना मीच धडपडले. कप फुटला. आई म्हणाली, आता तुझ्यामागे कोणाला ठेवायचं? दोघी हसलो. झोप कमी होतेय माझी, दुसरं काही नाही.

१४ फेब्रुवारी
संध्याकाळी फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले, थेट आईच्या खुर्चीपर्यंत. खाली बसून तिचे बूट काढले, मोजे काढले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. काही नाही. पुन्हा पाहिलं.
ती माझ्या अनवाणी पायांकडे बघत होती. "अगं, तुझी टाच."
टाचणी डोक्यापर्यंत आत गेली होती. मला काहीच कळलं नव्हतं.