अकरावं प्रकरण, पाण्याच्या अहवालासोबत

ती. ताईस,

कंबर जेवढी वाकू देते तेवढा वाकून धाकटीचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचं घोरणं नव्या शेजाऱ्यांच्या अंगवळणी पडलं का? माझी तब्येत उत्तम आहे. (हे वाक्य मी सवयीने लिहिते, तूही सवयीनेच वाच.) फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तू फोन उचललास की स्पीकरवर टाकतेस आणि माझी खासगी गोष्ट तुमचं अख्खं घर चहा पिता पिता ऐकतं. ही फक्त तुला सांगायची आहे.

तर मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते हे तुला ठाऊक आहे. मी गोष्टी लिहिते हे ठाऊक नाही. जुलमी सेनापती आणि बंडखोर राणीची ती बंद पडलेली मालिका आठवते? 'काहीतरीच दाखवतात' म्हणत तू रोज पाहायचीस ती? तिच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक अड्डा आहे. तिथे आम्ही त्याच पात्रांच्या आपल्या मनाच्या गोष्टी लिहितो. त्याला फॅन फिक्शन म्हणतात. माझ्या गोष्टीत सेनापती राणीला तळघरात कोंडतो आणि तिच्यावर जबरदस्ती करतो. होय, तुझ्या मनात आली तीच जबरदस्ती. (घोटभर पाणी पी आणि पुढे वाच.) दोघंही चाळिशीच्या पुढची आहेत, आणि गोष्टीच्या डोक्यावर ठळक अक्षरांत सूचना असते, की आत हे हे आहे, झेपणार नसेल त्याने इथूनच मागे फिरावं. असलं का लिहिते, ते मलाही धड सांगता येत नाही. लिहिताना भीती वाटते आणि पान मात्र माझ्या हातात असतं, एवढं खरं.

गेल्या महिन्यात अकरावं प्रकरण कागदावर तपासावं म्हणून मी ऑफिसच्या प्रिंटरवर छापायला सोडलं आणि नेमकं तेव्हाच मला नमुने उतरवून घ्यायला बोलावलं. परत येईपर्यंत ते विहिरींच्या अहवालांसोबत टाचून मोठ्या साहेबांच्या टेबलावर पोचलं होतं. साहेबांना जबर धक्का बसला. (सतराही पानं वाचून झाल्यावर बसला.) दोन दिवसांत समिती नेमली गेली. सगळ्यांत चढा आवाज आमच्या ज्येष्ठ केमिस्टचा. त्यांना सगळे काका म्हणतात. सगळ्यांना पेपरमिंटच्या गोळ्या वाटतात, वाढदिवस लक्षात ठेवतात. "असल्या बाईबरोबर आमच्या मुलींनी काम कसं करायचं?" असं ते सगळ्यांदेखत म्हणाले, आणि मी बाटल्यांची लेबलं वाचत उभी राहिले.

त्याच दिवशी बाटल्या धुवायच्या मोरीपाशी आमच्याकडची नमुने आणणारी मुलगी आली. सव्वीस वर्षांची, कामाला चोख, बोलायला कमी. म्हणाली, "तुमचं प्रकरण वाचलं." (सगळ्या ऑफिसने वाचलं होतं. झेरॉक्स निघाल्या होत्या.) मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "तुमच्या गोष्टीत ती नको म्हणते ते प्रत्येक वाचणाऱ्याला ऐकू येतं. मी कोल्ड रूममध्ये काकांना तीनदा नको म्हटलं. बाहेर तुम्ही होतात."

होते गं ताई. नमुने ठेवायची ती गार खोली माझ्या टेबलापासून चार पावलांवर आहे. ती थरथरत बाहेर आली, मागून काका आले, आणि मी म्हणाले होते, स्वेटर घालत जा. राणीचा श्वास कसा अडकतो यावर मी दोन पानं खरडली, आणि हिच्याकडे बघून मला स्वेटर सुचला! तिने साहेबांना आठ महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. ते तुला वडिलांसारखे आहेत, एवढंच साहेब म्हणाले. तिच्यासाठी समिती नाही की काही नाही.

समितीत बाहेरच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी फार मायेने विचारलं, लहानपणी तुमच्या बाबतीत काही घडलं होतं का? मी म्हटलं, नाही हो, ताईने एकदा झोपेत माझी वेणी कापली, तेवढंच. मग समाजावर काय परिणाम होईल असं साहेबांनी विचारलं. तिथे माझी जीभ सुटली. "साहेब, माझ्या तळघरात कोणी राहत नाही. राणी कागदाची, सेनापती कागदाचा. नको वाटलं तर पान मिटता येतं. कोल्ड रूममध्ये हाडामासाची मुलगी होती. प्रिंटर वापरल्याची माफी लिहून देते, आणि त्याच कागदावर मी काय पाहिलं तेही लिहिते." (तिला आधी विचारलं होतं. लिहा, म्हणाली.)

"बाईंची कल्पनाशक्ती दांडगी आहे," काका म्हणाले. आणि ताई, सगळे हसले. साहेबसुद्धा. मग ती मुलगी उठली आणि एकेक तारीख सांगत गेली. तिसरी तारीख सांगितली तेव्हा हसणं थांबलं.

आता काका सक्तीच्या रजेवर आहेत आणि वरून खरी चौकशी लागली आहे. मुलीने दुसऱ्या शाखेत बदली मागून घेतली. जाताना माझा हात धरून उभी राहिली. मला रिकाम्या बाटल्यांच्या कोठीत बसवलंय. लोक दार अर्धंच उघडतात आणि हवं ते मागून जातात. डबा एकटीच खाते. (शांतता चांगली असते. बाटल्या मध्येच तोंड घालत नाहीत.) साहेब तेवढे एकदा आले आणि इकडेतिकडे बघून हळूच विचारून गेले, राणी शेवटी सुटते का?

भावोजींना नमस्कार, नातीला पापा.

तुझी धाकटी

ता. क. वर उत्तम तब्येत लिहिली आहे ती जेवणापुरती धर. झोपेपुरती धरू नकोस.

ता. क. २. गुरुवारी अकराला त्या चौकशीत माझी साक्ष आहे. काकांच्या बाजूचे गृहस्थ माझी अकराच्या अकरा प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवणार आहेत म्हणे. खोलीबाहेर एक बाक आहे, दोघी मावू एवढा. येऊन बसशील? आत यायला नको, गोष्टी आवडायला नकोत, काही बोलायलाही नको.

ता. क. ३. जमणार नसेल तर मात्र कळवू नकोस. निदान आत बोलावेपर्यंत तू वाटेत आहेस असं धरून बसता येईल.