एक पान कमी

संस्थेच्या अध्यक्षाच्या पुतण्याला तुम्ही टीममध्ये घ्यायला नको होतं, नाना. मरून इतकी वर्षं झाली म्हणून सुटलात असं समजू नका. कॉलेजचा फुटबॉल नंतरच्यांनी बुडवला, असं सगळे म्हणतात. सुरुवात तुम्ही केली. मी पाहिली, कारण पोरांना जेवण वाढायला मीच होते. चौथीतून काढलेल्या लेकीला दुसरं काम काय?

बाकी बरी आहे. गुडघे सोडून.

हिवाळ्यात नवी पोरं निवडायची म्हटली की मैदानावर पळवून झाल्यावर तुम्ही त्यांना आपल्या शेतात भरिताला आणायचे. माय कापसाच्या काड्यांवर वांगी भाजतेय, धुरानं डोळे पुसतेय, मी केळीची पानं मांडतेय. पोरांपेक्षा एक पान मुद्दाम कमी. उभ्या राहिलेल्याला कोण सरकून आपल्या पानावर घेतो, ते तुम्ही बघायचे. जो घास देत नाही तो बॉल काय देईल, म्हणायचे. मग एखाद्या पोराकडे बघत हळूच मला विचारायचे, "काय वं, कसा शे हाऊ?"

त्या दिवशी पुतण्या मांड्या पसरून बसला आणि चोपड्याचा एक पोरगा उभाच राहिला. मी म्हटलं, "नाना, हाऊ नको." तुम्ही म्हणालात, "त्याच्या काकानं सगळ्यांना बूट दिलेत. तुले काय समजस?" चोपड्याच्या पोराला तुम्ही एसटीत बसवून दिलं. पुढच्या वर्षी पुतण्यासारखेच आणखी आले, आणि पान कमी मांडणंच बंद झालं. तुमच्यानंतर तर पदकं बघून बाहेरची पोरं आणायला लागले. प्रत्येकाला गोल मारायचा, मागे पळायला कोणी नाही. शेवटी मैदानावर लग्नाचे मंडप पडायला लागले.

आता माझी नात, म्हणजे तुमची पणती, त्याच कॉलेजात खेळाची मॅडम आहे, टीम पुन्हा उभी करतेय. प्राचार्यांनी तिला बजावलं, धुळ्याचा सामना हरलात तर टीम बंद. वर गळ्यात पदकांचा हार असलेला एक उंच पोरगा दिला, याला घ्याच म्हणून. ती सगळ्यांना शेतात घेऊन आली. पान एक कमी. उंच पोरगा पुरी मोडत मोबाईल बघत बसला. नात माझ्याकडे वळली. "आजी, कसा शे हाऊ?"

"मला काय विचारतेस? तुला डोळे नाहीत?"

तिनं नाही घेतला. प्राचार्य महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. धुळ्याला बरोबरी झाली. जिंकलो नाही, पण टीम राहिली. येताना पोरं एसटीत एकाच पुड्यातल्या शेवेवर तुटून पडली होती, मी मात्र खिडकीशी सुखानं बसले होते.

खरं सांगायचं तर खेळ मला अजून कळत नाही. गोल झाला की शेजारणीला विचारते, आपला की त्यांचा?

आणि पान कमी मांडायची युक्ती मायची होती. लोक तुमची म्हणतात, तुम्हीही कधी नाही म्हटलं नाही. हा कागद मी पिठाच्या डब्याखाली ठेवणार आहे, पण तिकडे कळलंच तर तुम्ही गप्प बसा. उत्तर मायनंच द्यायचं.