बोअरचं पाणी आणि निकेलची कॉईल

मंगळवार, ७ जानेवारी
गीझरची कॉईल दुसऱ्यांदा गेली. प्लंबर मर्व्हने नवी बसवली, निकेल घातलेली. मुलगी ग्लेनिस पोर्ट ऑगस्टाहून फोनवर म्हणाली, "आई, तिसऱ्यांदा गेली तर घर बंद करून इकडे यायचं." हो म्हटलं. निकेल गंजत नाही. हो म्हणायला काय जातं?
मर्व्हने गीझर पावसाच्या टाकीला जोडला. बोअरचा कॉक बंद. "हात लावू नका," म्हणाला.

शनिवार, १८ जानेवारी
पावसाचं पाणी चहाचं. त्याने अंग धुणं म्हणजे माज. सासूनेसुद्धा धुतलं नसतं, आणि ती बाकी सगळ्यात मूर्ख होती. कॉक बोअरवर फिरवला. पाणी जरा खारट, एवढंच.

सोमवार, ३ फेब्रुवारी
गीझरचा स्विच आपोआप पडला. वर केला. पुन्हा पडला. उन्हामुळे असणार. उन्हाळ्यात गार पाण्याची अंघोळ बरीच.

बुधवार, १२ फेब्रुवारी
गीझर बंद असल्याची चुगली शेजारच्या थेल्माने मर्व्हकडे केली. मर्व्ह आला, कॉईल बाहेर काढली. वर पांढरा थर. म्हटलं, गंज दाखव.
म्हणाला, "गंज नाहीच. पाणी तापतं तसं मीठ या थराखाली साचतं, तीव्र होतं, बारीक भोकं पाडतं. मग जिथे कॉईल वाकवलीय तिथे ताण असतो, तिथून चीर जाते."
"मग निकेल कशाला घातलं?"
"निकेलने उशीर होतो, आजीबाई. तुम्ही तोही होऊ दिला नाहीत."
नवी कॉईल ॲडलेडहून यायला महिना. ग्लेनिस तेवीस तारखेला भेटायला येणार, तोवर काहीतरी सुचेल. मला सुचतंच.

रविवार, २३ फेब्रुवारी
सुचलं. पहाटेपासून चुलीवर अकरा किटल्या उकळून टब भरला. ग्लेनिस खूश. "गीझर मस्त चाललाय की, आई." मी म्हटलं, निकेल आहे.
मग ती भांडी घासायला उठली. मी घासते म्हटलं, ऐकेना. गरम पाण्याचा नळ सोडून खाली हात धरून उभी राहिली. बराच वेळ. मी पुसलेलीच बशी पुन्हा पुसली.
"कधीपासून?"
"आजच."
"आई."
"वीस दिवस."

शनिवार, १ मार्च. पोर्ट ऑगस्टा
फक्त आठवडाभरासाठी आलेय. पडदे बरोबर आणले. कोंबड्या थेल्माला दिल्या.
इथल्या गरम पाण्यात काही विशेष नाही. आज तीनदा अंघोळ केली.