आधी विचारावं

गोरेगाव, ४ डिसेंबर २०२४

चि. सौ. दीपमालास दादाचे अनेक आशीर्वाद.

तू मोबाइलवर जोडून दिलेल्या मेंढपाळांच्या चर्चा मंचावर आता मीही मुरलो. लंगडणाऱ्या एडक्याचा फोटो टाकला, तर लोकांनी भराभर उपाय सांगितले. त्यात एक ‘रानपाखरू’ नावाचा गृहस्थ फार अदबीचा. स्वतःचा चेहरा लावलेला नाही, पण बोलणं गोड. कळप पाहू म्हणाला, दाखवला. मग मेंढरं कोंडायच्या वाडग्याचं दार, मग कुत्रा. एवढ्या मानानं मागितल्यावर नाही कसं म्हणायचं? तुझी वहिनी मात्र कुरकुरते, काहून एवढं दाखवून राहिले म्हणून.

भाऊबीजेची साडी आवडली की नाही, ते कळव. साधी असली तरी माया आहेच, राग धरू नकोस.

तुझा संपतदादा

आखाडा बाळापूर, १० डिसेंबर

ती. संपतदादास शि. सा. न. वि. वि.

साडी आवडली, पण पत्राचं कारण वेगळं. फोनवर तू हसण्यावारी नेतोस आणि मंचावर तो रानपाखरू वाचतो, म्हणून कागदावर लिहिते. तुझे सगळे फोटो मी पुन्हा पाहिले. दादा, त्या माणसानं एडक्याच्या पायाबद्दल एक शब्दही विचारलेला नाही. मला भीती वाटते.

मंचाची रीत अशी, की दुखरा पाय दिसेल तेवढाच फोटो टाकावा. घरदार, रस्ता दिसू नये. दुसऱ्याचा फोटो असेल तर आधी विचारावं. आपले बाबा पाहुण्याला कळपाकडे बोटसुद्धा करू देत नसत, आणि तू सगळ्या जगाला वाडग्यात आणून बसवलंस. फोटो काढून टाक, नवं कुलूप लाव, कुत्र्याला सांभाळ.

वहिनींना नमस्कार. तुझी दोन अक्षरं येईपर्यंत घास उतरायचा नाही.

तुझी दीपमाला

गोरेगाव, १६ डिसेंबर

चि. सौ. दीपमालास आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. वाडग्याच्या दारात बसूनच वाचलं. लगेच मंचावरचे फोटो काढून टाकले, कुलूप लावलं, तुझ्या वहिनीसमोर कान धरले. काल सकाळी कुत्रा तोंडाला फेस येऊन मेला. मेंढरं अजून आहेत. आम्ही दोघं वाडग्यातच मुक्कामाला आहोत, सोबतीला शेजारचे तातेराव आहेत.

आज त्या गृहस्थाचा निरोप आला, अगदी रीतीला धरून. तुमचा एक फोटो माझ्याकडे आहे, परवानगी असेल तर मंचावर टाकतो, असं त्यानं विचारलंय.

निरोपासोबत पाठवलेल्या फोटोत दारात मी बसलोय, हातात तुझं पत्र आहे. पाकीट मांडीवर आहे, आणि त्यावरचा तुझा पत्ता स्पष्ट वाचता येतो.

दाराला कडी लावून घे.

तुझा दादा