नंदाकडची पातेली

कार्डिफ, ११ नोव्हेंबर १९८८

तीर्थरूप आईस,
पद्माकरचा साष्टांग नमस्कार.

तू आमच्याकडे कायमचं राहायला यावंस म्हणून केलेलं अपीलही फेटाळलं. रडू नकोस. वकीलबाई म्हणतात, स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क कोर्टात जायचं तर आधी इथल्या सगळ्या कोर्टांत हरावं लागतं. हरायलाही रांग आहे इथं! ती संपली की तिथं आणखी चार-पाच वर्षं.

त्यांनी तुझं वय विचारलं. एकोणऐंशी म्हटल्यावर त्या नुसत्याच कागद लावत बसल्या.

तुझी खोली तयार आहे. सुनेनं देव्हाराही मांडलाय. गुडघे कसे आहेत?

इकडे यायचं म्हणून तू शेजारच्या नंदाला सगळी भांडी देऊन टाकलीस ना? त्यातली दोन पातेली आणि तवा परत मागून घे. लाजू नकोस.

तुझा,
पद्माकर